सगुणाने निवडलेली गाणी

हे कुणी वाचणार नाही, तरी आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतची. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही जमले नाहीत, आणि आता तर डोळेही नीट चालत नाहीत. ओळ सरळ सुरू होते आणि शेरडं ओढ्याला उतरावीत तशी उजवीकडे खाली उतरते. अक्षर वाईट आहे हे मला ठाऊक आहे. चुका असतील तिथे समजून घ्यावे, असे मी कुणाला सांगते आहे कोण जाणे.

गेल्या आठवड्यात घाटनांदूरच्या बाजूचा एक घोंगडीवाला आला होता. घोंगडी उलगडता उलगडता म्हणाला, "तुमच्या इकडची सगुणाबाई गेली, म्हाईत हाय का? लई गायची बाई. मातीला सगळं गाव गेलतं. हिंदू, मुसलमान, समदे."

सगळं गाव. मी घोंगडीचा भाव करत राहिले. एक आणा कमी करून घेतली. तो गेल्यावर घोंगडी मांडीवर घेऊन बसले, आणि रडू येण्याआधी माझ्या मनात हेच आले, की माझ्या मातीला कोण येईल.

सगुणा माझी धाकटी जाऊ, मला अक्का म्हणायची. माझ्या दिराची, लाजरची, बायको. तिच्याविषयी लिहायचे म्हणजे आमच्या मंडळीविषयी थोडे सांगावे लागेल.

आमची वस्ती चौसाळ्याच्या अलीकडे, गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला. तिथली दहा-बारा घरे दानियलबाबांच्या मंडळीत होती. बाबा आधी मिशनमध्ये मास्तर होते. मिशनचे लोक शेवटच्या दिवसाची गोष्ट नुसती वाचतात आणि घरी जाऊन जेवतात, म्हणून ते तिथून निघाले. आमच्या मंडळीत ती गोष्ट नुसती वाचायची नव्हती. राजा, म्हणजे येशू, परत येणार होता, आणि तो लवकर येणार होता. म्हणून आम्ही दाराला कडी लावत नसू. झाड लावत नसू, कारण त्याची फळे कोण खाणार? घराच्या माळवदावर, मातीच्या छपरावर, नवी माती टाकत नसू. जे आहे ते राजा येईपर्यंत पुरेल, असे बाबा म्हणत. त्यांची स्वतःची छत्री दोन काड्यांवर उभी होती आणि तीही त्यांनी कधी दुरुस्त केली नाही. प्रत्येकाच्या पेटीत एक पांढरा कपडा धुऊन घडी करून ठेवलेला असायचा. तो त्या दिवशी नेसायचा. गावातले लोक आम्हाला वाटवाले म्हणत. वाट बघणारे, म्हणून.

बाबा खोटे माणूस नव्हते. हे लिहून ठेवते, कारण पुढे वाचणाऱ्याला तसे वाटेल. त्यांना खोकला होता, आणि मंडळीतल्या कुणाच्या घरी चूल पेटली नाही तर ते स्वतः उपाशी राहत. गाणी त्यांनीच रचलेली. चाली मात्र आपल्याच, जात्यावरच्या आणि भजनाच्या. गाणी आम्ही पुस्तकाविनाच शिकायचो. बाबा एका कागदावर लिहून देत, मी तो वाचून दाखवायची. मंडळीतल्या बायकांत वाचता येणारी मी एकटी होते. त्यामुळे माझा एक मान होता. सगुणा येईपर्यंत होता.

ती लग्न होऊन आली तेव्हा तिने कधी येशूचे नाव नीट ऐकले नव्हते. उंच, काळी, पुढच्या दोन दातांत फट. गालात सदा भाजलेला चिंचोका. तो ती एका गालातून दुसऱ्या गालात फिरवायची आणि दाताने टक टक वाजवायची. गायच्या आधी काढून खिडकीत ठेवायची आणि गाणे संपले की परत तोंडात. मला किळस यायची. स्वैपाक तर विचारूच नका. कालवणात मीठ नाही तर मिठात कालवण. लाजर मुकाट्याने खायचा आणि वर म्हणायचा, "आज बरं झालंय."

तिच्या पहिल्याच रविवारी मी कागदावरून ओळ वाचली:

कडी नका लावू दारा, राजा वाटेवरी
दिव्यामध्ये तेल ठेवा, पहाट झाली खरी

मी वाचले, आणि तिने एकदाच ऐकून म्हटले. त्या खोलीत काय झाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्या सरळ बसल्या. बाबांचा खोकला थांबला. ओळ माझ्या हातात होती, कागद माझ्या हातात होता, आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

मथुराम्हातारी, मंडळीतली सगळ्यांत जुनी, बाहेर पडताना मला म्हणाली, "तू वाचतीस ते कळतं गं. पर तिनं म्हनल्यावर खरं वाटतं."

त्या दिवसापासून मी वाचायची आणि ती गायची. घरी जात्यावरही तेच. आमच्या पडवीत एकच जाते होते, जड, दोघींशिवाय न फिरणारे. पहाटे दोघी समोरासमोर बसायचो, खुंट्यावर चार हात. ती गायची. मी घास घालायची. आमचे हे, म्हणजे माझे मालक, तेवढ्यात अंगणात येऊन घोंगडी झटकायला लागायचे. घोंगडी झटकायला किती वेळ लागतो? हे मी त्यांना कधी विचारले नाही.

शिंगाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण जी सांगतात ती चुकीची सांगतात.

बाबांनी शिकवले होते की राजा येईल तेव्हा आधी तुतारी वाजेल. एकदा सुगीनंतर, दिवस मावळायला आलेला, आणि डोंगराच्या अंगाने शिंग वाजले. लांब, उंच, एकदा, मग परत. मथुराम्हातारी अंगणात भाकरी खात होती. तिने भाकरी खाली ठेवली आणि म्हणाली, "आला."

मग जे झाले त्याला पळापळ म्हणता येणार नाही. आम्ही सगळ्यांनी पेट्या उघडल्या, पांढरे नेसलो, चुली तशाच सोडल्या. बाबा पुढे, त्यांच्यामागे सगुणा गात, मागे आम्ही. चढण चढताना मला आठवले, की पांढरे काढल्यावर मी सवयीने पेटीला परत कुलूप लावले होते, आणि लाज वाटली, की आता कुलपाचे काय. मी रडत होते. आनंदाने की भीतीने, ते कळत नव्हते.

डोंगराच्या वळणावर राजा भेटला. पाटोद्याकडच्या कुणा पाटलाच्या पोराची वरात होती. पुढे शिंगवाला, मागे घोड्यावर बाशिंग बांधलेला नवरा, त्याच्यामागे बैलगाड्या. संध्याकाळच्या उजेडात पांढऱ्या कपड्यांतली तीस-चाळीस माणसे गात वर चढताना पाहून शिंगवाल्याच्या हातून शिंग खाली पडले. घोडा बुजला. कारभाऱ्याने काठी उगारली आणि ओरडला, "ए! कोन बे तुमी? भुतं हाव का मानसं?"

आमचे सगळे पुरुष पाऊलभर मागे सरले. बाबा तर जमिनीकडे बघत उभे. तेव्हा सगुणा पुढे झाली आणि पदर सावरून म्हणाली, "भुतं न्हाई दादा. नवऱ्याची वाट बघत व्हतो आमी. उशीर कावून केला?"

आधी कारभारी हसला. मग गाड्यांतल्या बायका हसायला लागल्या. मग घोड्यावरचा पोरगाही. "मंग गा की," एक बाई गाडीतून म्हणाली, "नवरा आलाच हाय तर." आणि सगुणाने तिथेच, डोंगराच्या वळणावर, राजाच्या येण्याचे गाणे त्या पाटलाच्या पोरासाठी म्हटले. त्यांनी गाडीतून बुंदीचे लाडू आमच्या पदरात वरून टाकले. बाबा म्हणाले, कुणी खायचे नाही. सगळ्यांनी वाटेत काट्यांत टाकले. सगुणाने टाकले नाहीत. घरी येऊन तिने अर्धा लाडू माझ्यापुढे धरला.

"बाबा न्हाई म्हनले," मी म्हणाले.

"बाबानं आजच राजा येतो म्हनलं व्हतं," ती म्हणाली. "खा. गोड हाय."

मी खाल्ला. लई गोड होता. पण पुढे वर्षानुवर्षे ही गोष्ट सांगताना सगळे सगुणाचेच वाक्य सांगत. तिच्या मागे उभी राहून मीही काही बोलले असते, असे मला वाटायचे. काय बोलले असते, ते मात्र अजून सुचलेले नाही.

पुढे लाजर आजारी पडला. पोटात गाठ. बाबांनी दानपेटी उघडून त्याला इंग्रजी हद्दीतल्या दवाखान्यात पाठवले. गाडीभाडे, औषध, राहणे, असे निजामाच्या नाण्यातले पन्नास हाली रुपये मंडळीचे गेले. लाजर वाचला नाही. मूलबाळ नव्हते. सगुणा आमच्याच अंगणात, तिच्या खोलीत राहिली, आणि गात राहिली. लाजरच्या मातीवर ती जे गायली ते ऐकून मला वाईट वाटले, आणि मग असेही वाटले, की मी मेले तर आमचे हे माझ्यासाठी कुणाला गायला सांगतील. तिलाच सांगतील.

वर्षभराने तिची आई गेली. आई खंडोबाची. तिने बाप्तिस्मा घेतला नव्हता. लेकीने घे म्हटले तेव्हा म्हणाली होती, "तू जा, मी हाय की मागं." सगुणा माहेरी माती देऊन आली आणि दोन दिवसांनी रविवार आला. बाबांनी भुशाचे गाणे लावले. मुद्दाम नाही. त्या महिन्यात तेच चालू होते. मी ओळ वाचली, तिने उचलली:

भुसा जळे रानोरान, धूर चढे वरी
धन्याचे दाणे तेवढे धन्याच्या कोठारी

मग पुढचे कडवे होते. मी वाचले.

आई राहिली बाहेर तरी मागे वळू नये
जळत्या त्या गावाकडे डोळा करू नये

सगुणाने "आई राहिली" एवढे म्हटले आणि थांबली. तिचा आवाज फुटला नाही, रडू आले नाही. ती नुसती थांबली, बैल चालता चालता थांबतो तशी. सगळी खोली वाट बघत राहिली. ती बाबांना म्हणाली, "हे मी आजवर किती येळा म्हनले असंल. काय म्हनती ते आजच ऐकलं."

"सगुणा, ते वचन आहे," बाबा म्हणाले.

"वचन देवाचं. गानं तुमचं," ती म्हणाली, आणि खिडकीतला चिंचोका उचलून बाहेर गेली.

तीन रविवार ती आली नाही. चौथ्या रविवारी बाबा स्वतः आमच्या अंगणात आले. तिने बसायला घोंगडी टाकली. ती मंडळीत परत येणार नाही असे म्हणाली. बाबांनी पुष्कळ समजावले. मग म्हणाले, "मंडळीतल्याला दिलेलं ते दान. बाहेर गेलेल्याकडं राहिलं ते कर्ज. लाजरचे पन्नास रुपये आहेत."

"देते," ती म्हणाली.

"आणि ते फिटेतोवर तू मंडळीच्या शब्दाखाली. आमची गाणी बाहेर कुणाच्या दारात गायची नाहीत. लोक हसण्यावारी नेतील."

"कबूल. आन घरात?"

बाबा छत्री घेऊन उठले. "घरात तू आणि तुझा देव," ते म्हणाले.

त्या दिवसापासून नियम झाला. सगुणाशी बोलायचे नाही, तिच्या हातचे खायचे नाही, तिच्याबरोबर गायचे नाही. जात्याचे कुणाच्या ध्यानात आले नाही, कारण बाप्ये दळत नाहीत. जाते तर दोघींशिवाय फिरत नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पायलीभर जोंधळे घेऊन पडवीत आले तर ती आधीच बसलेली. आम्ही एकमेकींकडे पाहिले नाही. चार हात खुंट्यावर पडले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "जात्या, अक्काला विचार, तिच्याकडं मीठ हाय का."

मी घास घातला. मग मी म्हणाले, "जात्या, सांग तिला, मडक्यात हाय, घेऊन जा म्हनावं. आन कमी टाक म्हनावं."

असे आम्ही बोलायला लागलो. जात्याशी बोलायला बंदी नव्हती.

मंडळीतून बाहेर पडल्यावर तिने पहिले काम केले ते माळवदावर चढण्याचे. आमची दोन्ही घरे एकाच माळवदाखाली. तिने नदीकाठची पांढरी माती पाट्यांनी वाहिली, आपल्या बाजूला पसरली, धोपटली. पावसाळ्यात तिच्या बाजूला थेंब नाही, आणि आमच्या बाजूला मी रात्रभर भांडी सरकवत बसलेली. आमचे हे भिंतीपलीकडच्या कोरड्या शांततेकडे कान देऊन म्हणाले, "तिकडं न्हाई गळत." मी म्हणाले, "मंग तिकडं जा." ते गेले नाहीत. पण त्यांनी भिंतीकडे पाहिले होते.

मंडळीत गाणे आता माझ्याकडे आले. इतकी वर्षे मला तेच हवे होते. मी सूर धरला की मागच्या ओळीत कुणीतरी खोकायचे. मथुराम्हातारी म्हणाली, "बरं म्हनतीस गं. शब्द कळत्यात." एवढेच म्हणाली.

आणि पहाटे जात्यावर सगुणा गाणी निवडायची. तिने सगळी टाकली नाहीत. लोकांना वाटते, तिने सगळे सोडले. नाही. डाळ निवडावी तसे तिने एकेक गाणे सुपात घेतले. एक ओळ म्हणायची, जाते थांबवायची, चिंचोका इकडून तिकडे फिरवायची.

"जात्या, कडीचं गानं ठेवू का?"

मी घास घातला.

"ठेवते. राजा येवो न येवो, दार उघडं असलं तर शेजारीन तरी येती." आणि गायची. तेच गाणे, तेच शब्द, पण आता ते ऐकताना डोंगर, तुतारी काही डोळ्यापुढे यायचे नाही. आमचे अंगणच यायचे.

जे पटायचे नाही ते ती तीन-तीन दिवस घोळवायची. शेवटच्या दिवशी समुद्र रक्ताचा होईल, असे एक होते. "समुद्र मी पायला न्हाई," ती म्हणाली. "न पायलेल्याचं वाईट कावून म्हनावं?" ते टाकले. सात दिव्यांचे ठेवले. देव आसवे पुसतो, ते तर तिने वाढवले. बाबांनी दोनच कडवी केली होती, तिने बारा केली. मला त्यातली सगळी पाठ आहेत. मंडळीत ती म्हणण्याची माझी छाती झाली नाही.

भुशाचे गाणे ती फार दिवस हातात घेत नव्हती. एका पहाटे घेतले. पहिली ओळ म्हटली आणि जाते थांबवले.

"जात्या, आपल्याकडं भुसा कोन जाळतं?"

मला कळले नाही.

"मागल्या साली पाऊस न्हवता, तवा भुशावरनं पाटलाच्या दोन भावांत डोकी फुटली. उन्हाळ्यात बैल काय खातो? भुसाच. भुसा जाळनारा शेतकरी मी पायला न्हाई. अक्काला विचार, तिनं पायलाय का?"

मी चौथी शिकलेली. ते गाणे मी तिच्याआधी कितीतरी वर्षे वाचत होते. खळ्यावर भुसा भरायला मीही जात होते. मला हे कधी सुचले नाही. त्या क्षणी मला तिचा इतका राग आला की मी खुंटा सोडून दिला आणि जाते अर्ध्यातच थांबले.

हे मी आमच्या यांना सांगितले, यांनी बाबांना सांगितले. मला वाटले बाबा चिडतील. ते एवढेच म्हणाले, "देवाच्या शेतात बैल नाहीत, तिला सांगा." कसे सांगायचे, ते त्यांनी विचारले नाही. मी जात्यामार्फत सांगितले.

सगुणा हसली. "मंग गरिबाचाच म्हनायचा की देव," ती म्हणाली. तिचे हे म्हणणेही बाबांपर्यंत गेले. ऐकून बाबाही हसले म्हणतात. मी सांगितलेल्या कुठल्या गोष्टीवर बाबा कधी हसलेले मला आठवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने त्या गाण्याचे असे केले:

भुसा नको जाळू धन्या, दावणीला बैल
आई माझी मागं हाय, हळूहळू येईल

ते तिने कितीदा म्हटले याची मला मोजदाद नाही. जोंधळे संपले तरी आम्ही रिकामे जाते फिरवत होतो. मी तिच्याकडे पाहिले. नियम मोडून पाहिले. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती. त्या पडवीत, त्या वेळी, ते गाणे ऐकणारी मी जगात एकटी होते. आमचे हे अंगणात नव्हते. घोंगड्याही नव्हत्या.

आणि तेव्हा मला नवी काळजी लागली. पैसे फिटले तर?

कारण ती फेडत होती. खळ्यावर उफणणी, निंदणी, आणि चौसाळ्याला पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांच्या घरी दळण. अमीनसाहेबांच्या बीबीला कुणीतरी सांगितले होते की ही गाते. सगुणा तिथे मुक्याने दळायची. शब्द दिला होता ना. मी एकदा तिथे अंडी द्यायला गेले होते तेव्हा कानांनी ऐकले. बीबी बाजेवर बसलेली, पानदान उघडे.

"क्या गे, मुँह में क्या भरको आई? जरा गा ना."

"चिंचोका हाय, बीबी."

"थूक दे और गा."

"फिटल्यावर गाते. शब्द दिलाय."

"किसकू? वो छत्रीवाले बुड्ढे कू?"

"व्हय. त्याची छत्री फाटकी हाय बीबी, शब्द न्हाई."

बीबीने कपाळाला हात लावला. मी अंडी ठेवून निघाले. वाटेत चालताना मला बरे वाटत होते. तिचे तोंड चौसाळ्याला बंद होते आणि आमच्या पडवीत उघडे होते. जगाने ऐकले नाही ते मी रोज ऐकत होते.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर आमच्या यांनी जेवताना विषय काढला. "सगुणाचे तीनच रुपये ऱ्हायलेत म्हनं. शेळीचे आलेत आपल्याकडं. लाजर माझा भाऊ व्हता."

मी तव्यावरची भाकरी उलटली. "मंडळीचा नियम हाय," मी म्हणाले. "तिला द्यायचं न्हाई, तिचं घ्यायचं न्हाई."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी भाकरी परत उलटली. करपली.

ते तीन रुपये बीबीने दिले. आगाऊ दिले, असे नंतर कळले. अमीनसाहेबांची बदली घाटनांदूरच्या बाजूला झाली होती, आणि बीबी म्हणाली, माझ्याबरोबर चल, तिथे गा. सगुणा म्हणाली, आधी पैसे, मग गाणे. तिने शनिवारी जात्याला हे सांगितले. "जात्या, अक्काला सांग, मी सोमवारी चालले." मी घास जास्त घातला आणि पीठ जाडे पडले.

रविवारी मंडळी भरली होती. बाबा बोलून बसले आणि मी सूर धरायला उठले, तेव्हा ती दारात आली. आत आली नाही. बाहेरच्या दगडापाशी उभी राहिली. तेलाने चोपडलेले केस, धुतलेले लुगडे. तिचे पांढरे नव्हे, हिरवे.

"बाबा, शेवटचे हायेत," ती म्हणाली. "सगळ्यांदेखत मोजा."

बाबा उठून दारात गेले. सगळ्यांनी माना वळवल्या. मथुराम्हातारी तर उठून खिडकीशी गेली. पुढे मी एकटी उभी, बाबांनी लिहिलेला कागद हातात, आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हते. आमचे हेही नाहीत.

सगुणाने पदराची गाठ सोडली. एक रुपया दिला, दुसरा दिला. बाबांनी दोन्ही दगडावर वाजवून पाहिले. तिसरा काळा पडलेला होता. त्यांनी तो बोटाने पुसला आणि उजेडात धरला. तिसरा खोटा निघावा, असे मला वाटले. अजून एक महिना, एक पावसाळा, अजून थोडे दिवस ती पडवीतच बसावी, जात्याशीच बोलावी.

बाबांनी तो दगडावर टाकला. खणखणीत वाजला.

"पुरे भरले, सगुणा," बाबा म्हणाले. "आता तुझ्याकडं आमचं काही नाही."